विश्लेषण : जुन्या फोटोतला विमानतळ कोणता, हे कसे ओळखतात? जुहू आणि सांताक्रूझच्या बाबतीत वैमानिकही का चुकले?

बऱ्याच घरांतल्या अल्बममध्ये असा एक फोटो असतोच. मागे विमान, पुढे गळ्यात हार घातलेले काका, आजूबाजूला निरोप द्यायला आलेले निम्मे बिऱ्हाड. फोटोच्या मागे ना साल, ना ठिकाण. ‘हा सांताक्रूझचा’ असे आत्या म्हणते, ‘छे, जुहूचा’ असे आजोबा सांगतात आणि वाद तिथेच राहतो. विमानांची आवड असणाऱ्या जगभरातल्या मंडळींमध्ये नेमका याच वादाचा एक खेळ झाला आहे. जुना, नाव नसलेला फोटो समोर ठेवायचा आणि धावपट्टी, डोंगर, सावल्या, विमानाच्या शेपटावरची अक्षरे पाहून विमानतळ ओळखायचा. मुंबईच्या उपनगरांत हा खेळ जरा जास्तच रंगतो. कारण इथे दोन विमानतळ जवळजवळ एका रेषेत, हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची गल्लत फोटो पाहणाऱ्यांनी केली तर हसण्यावारी जाते. ती प्रवासी विमानाच्या वैमानिकांनीही केली आहे, आणि एकदा नव्हे, दोनदा.

जुहू की सांताक्रूझ, गोंधळ कशामुळे?

जुहू आधीचा. १९२८ मध्ये इथे फ्लाइंग क्लबच्या विमानांसाठी मैदान तयार झाले आणि देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याचे नाव झाले. मैदान म्हणायचे, पण ती होती खाजणाची जमीन. समुद्र शेजारी, भरतीचे पाणी जवळ, पावसाळ्यात सगळा चिखल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे याच जमिनीवर उतरले. पुढची बेल्लारी आणि मद्रासची वाट नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्याने धरली. पुढे पावसाळा आला की जुहू पाण्यात जाई आणि टाटांच्या विमानसेवेला आपला बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. फोटो ओळखणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. टाटांच्या सुरुवातीच्या दिवसांतला, पावसाळी ढगांचा फोटो ‘जुहू’ म्हणून समोर आला, तर तो पुण्याचा असण्याची शक्यता आधी तपासावी.

सांताक्रूझ त्यानंतरचा आणि आकाराने कितीतरी मोठा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्ध संपल्यावर तो नागरी वाहतुकीकडे आला, तेव्हा प्रवाशांसाठी वेगळी इमारतही नव्हती. हवाई दलाच्या दोन जुन्या हँगरमध्येच ये-जा सुरू झाली, एका हँगरमध्ये देशांतर्गत आणि दुसऱ्यात परदेशी. १९४८ मध्ये जुहूची प्रवासी वाहतूक इथे आली आणि १९५८ मध्ये सांताक्रूझची नवी इमारत उभी राहिली. त्यामुळे १९४६ ते १९५८ या काळातला एखादा ‘विमानतळावरचा’ फोटो पाहताना मागे पत्र्याचे उंच, गोदामासारखे छप्पर दिसले, तर गोंधळून जाऊ नये. ते गोदाम नव्हे, तेव्हाचा आंतरराष्ट्रीय विमानतळच तो.

दोन्हींमधला फरक सांगणारी सर्वात सोपी खूण मात्र विमानतळावर नाहीच, ती रेल्वेची आहे. पश्चिम रेल्वेचे रूळ या दोहोंच्या मधून जातात. जुहू रुळांच्या पश्चिमेला, सांताक्रूझ पूर्वेला. कुलाबा ते बोरिवली मार्गावर ५ जानेवारी १९२८ पासून विजेची गाडी धावू लागली, म्हणजे जुहूच्या अगदी पहिल्या फोटोंच्या काळातही रुळांवर तारा आणि खांब होतेच. हवाई फोटोत रूळ आणि समुद्र दोन्ही दिसत असतील, तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते.

वैमानिक कसे चुकले?

धावपट्टीला आकडे असतात. ते अनुक्रमांक नसून होकायंत्रावरची दिशा असते. दिशेच्या अंशातले शेवटचे शून्य काढून टाकले की धावपट्टीचा आकडा मिळतो. नेमक्या पूर्वेकडे तोंड असेल तर ९० अंश, म्हणून ‘०९’. तीच पट्टी उलट बाजूने पश्चिमेकडे पाहते, म्हणून ‘२७’. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९/२७ आहे. जुहूची ०८/२६. म्हणजे दोघींच्या दिशेत फरक जेमतेम दहा अंशांचा. जुहू सांताक्रूझच्या पश्चिमेला आणि किंचित उत्तरेला आहे, आणि दोन्ही धावपट्ट्यांच्या जवळच्या टोकांमध्ये दोन किलोमीटरचेही अंतर नाही. समुद्राकडून येणाऱ्या विमानाला किनारा ओलांडताच आधी दिसतो तो जुहू.

१५ जुलै १९५३ रोजी हेच घडले. बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट, म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट विमान, सांताक्रूझऐवजी जुहूवर उतरले. विमान शाबूत राहिले, पण आठवड्याहून अधिक काळ ते तिथेच अडकून पडले आणि नंतर उडवून नेण्यात आले. भर पावसाळ्यात, एवढ्याशा पट्टीवरून जेट उडवून नेणाऱ्या वैमानिकाचे कौतुक चुकणाऱ्यापेक्षा जास्त व्हायला हवे.

दुसरी घटना २४ सप्टेंबर १९७२ ची. जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान लंडनहून टोकियोला निघाले होते. वाटेतल्या अनेक थांब्यांपैकी एक मुंबई. सकाळची वेळ. पूर्वेकडे तोंड करून, डोळ्यांनी पाहून सांताक्रूझच्या ०९ वर उतरायचे होते. समोर दिसलेली पट्टी वैमानिकांनी आपली मानली आणि विमान जुहूच्या ०८ वर टेकले. जुहूची पट्टी सुमारे १,१४३ मीटर, सांताक्रूझची मुख्य पट्टी आज सुमारे ३,४४८ मीटर. म्हणजे जवळपास एकतृतीयांश. चार इंजिनांचे जेट तेवढ्यात थांबणे शक्यच नव्हते. ते पट्टी संपवून पुढे गेले आणि पुन्हा कधीच उडू शकले नाही. काही जण जखमी झाले, पण जीव कुणाचाही गेला नाही. आज त्याच जागेभोवती किती इमारती आहेत, हे जुहूकर आणि पार्लेकरांना वेगळे सांगायला नको.

असे फक्त मुंबईतच झाले असेही नाही. लंडनमध्ये हीथ्रोजवळच नॉर्थोल्ट नावाचा हवाई दलाचा छोटा तळ आहे. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये पॅन अॅमचे बोइंग ७०७ हीथ्रो समजून तिथे उतरले. दोन्ही ठिकाणी येताना वाटेत गॅसच्या प्रचंड मोठ्या टाक्या लागत, आणि तीच खूण वैमानिकांना फसवत असे. पुढे साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोची इंग्रजी आद्याक्षरे आणि बाण भल्यामोठ्या आकारात रंगवण्यात आला. म्हणजे ‘खुणेवरून ओळखा’ हा खेळ वैमानिकही खेळतात, फक्त त्यांच्याकडे वेळ काही सेकंदांचा असतो.

फोटो समोर आला, तर सुरुवात कुठून?

बहुतेक जण विमानापासून सुरुवात करतात. जाणकार आधी क्षितिज पाहतात. विमाने येतात-जातात, डोंगर जागेवर असतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल, म्हणजे गावदेवीचा डोंगर, हा काळ्या बेसॉल्टचा सुमारे २०० फूट उंच सुळका. आज इमारतींच्या गर्दीत तो शोधावा लागतो. जुन्या सपाट अंधेरीत मात्र तो दुरून उठून दिसणारच. जुहूवरून उत्तरेकडे पाहिले की तो समोर येतो आणि त्याच्या उजवीकडे, लांबवर बोरिवलीच्या बाजूचे कान्हेरीचे डोंगर. सांताक्रूझवरून पूर्वेकडे पाहिले तर घाटकोपरच्या टेकड्या आणि आग्नेयेला तुर्भ्याचा डोंगर. त्यामुळे फोटोतल्या क्षितिजावर एकही उंचवटा नसेल, तर छायाचित्रकाराचे तोंड बहुधा समुद्राकडे होते. डोंगरांची रांग डावीकडून उजवीकडे कशी चढते-उतरते, याचे कच्चे रेखाटन करून आजच्या नकाशावरील उंचीशी ताडून पाहणे, हा या खेळातला सर्वात खात्रीचा डाव.

त्यानंतर सावल्या. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. वर्षातला बराच काळ इथली दुपारची सावली उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र सूर्य माथ्याच्याही उत्तरेला सरकतो आणि भरदुपारची सावली दक्षिणेकडे जाते. फोटो दुपारचा आहे हे ठाऊक असेल, तर सावलीवरून उत्तर-दक्षिण कळते, दिशा कळली की धावपट्टीचा कोन कळतो आणि कोन कळला की निम्मे काम झाले.

वारासुद्धा साक्ष देतो. विमाने वाऱ्याच्या समोरून उतरतात आणि समोरूनच उडतात. मुंबईत मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणूनच दोन्ही विमानतळांच्या मुख्य पट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. फोटोत वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फुगलेली असेल, तर ती कुठल्या बाजूला झेपावते आहे तेही पाहावे.

फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हे तपासायचे राहून जाते. निगेटिव्ह उलटी ठेवली की डोंगर डावीकडचा उजवीकडे जातो आणि सगळे गणित फसते. अक्षरे दिसत नसतील, तर मोटारीचे सुकाणू आणि पुरुषांच्या शर्टाची बटणे पाहावीत. सुकाणू डावीकडे दिसले, तर एक तर अमेरिकी सैन्याची जीप आहे किंवा फोटोच उलटा आहे.

विमानावरून काय कळते?

विमान ठिकाण क्वचितच सांगते, काळ मात्र चोख सांगते. भारतात नोंदलेल्या विमानांवर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ असा त्याचा अर्थ अनेक ठिकाणी हौसेने सांगितला जातो. प्रत्यक्षात १९२७ च्या वॉशिंग्टनमधल्या रेडिओविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत देशोदेशींना अक्षरे वाटली गेली, त्यात भारताच्या वाट्याला आलेली ही अक्षरे आहेत. पुढची तीन अक्षरे ढोबळमानाने क्रमाने सरकत गेली. टाटांचे १९३२ चे पस मॉथ व्हीटी-एडीएन होते, १९४८ चे ‘मलबार प्रिन्सेस’ व्हीटी-सीक्यूपी आणि १९७१ चे पहिले जम्बो ‘एम्परर अशोक’ व्हीटी-ईबीडी. फोटोतले तिसरे अक्षर वाचता आले, तरी दशकाचा अंदाज येतो.

नावेही उपयोगी पडतात. ‘टाटा एअरलाइन्स’ लिहिलेले असेल तर फोटो जुलै १९४६ च्या आधीचा, कारण त्या महिन्यात कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ‘इंडियन एअरलाइन्स’ दिसले तर १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरचा. तीन शेपट्यांचे, माशासारख्या अंगाचे विमान म्हणजे लॉकहीड कॉन्स्टेलेशन. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेले ‘मलबार प्रिन्सेस’ याच जातीचे. बोइंग ७०७ असेल तर १९६० किंवा नंतरचा. खिडक्यांभोवती झरोक्यांची लाल नक्षी असेल तर एअर इंडियाची पहिली जम्बो आल्यानंतरचा, म्हणजे एप्रिल १९७१ च्या पुढचा.

एक फसवणूक मात्र ठरलेली. जेआरडींनी १९३२ च्या उड्डाणाची आठवण म्हणून १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते जुहू हाच प्रवास पुन्हा केला. विमान होते लेपर्ड मॉथ. पस मॉथप्रमाणेच तेही डोक्यावर पंख असलेले छोटे जुने विमान. कृष्णधवल छापलेल्या फोटोत दोन्ही उड्डाणे सहज मिसळतात. इथे विमानाकडे न पाहता मागे पाहावे. १९३२ च्या जुहूच्या मागे माड आणि मोकळे रान असायला हवे. इमारती दिसल्या की प्रश्न मिटला.

सांताक्रूझचे जुने फोटो इतके कमी का?

एक कारण युद्धाचे. सैनिकांच्या पत्रांवर आणि फोटोंवर सेन्सॉरची नजर असे, त्यामुळे १९४२ ते १९४५ मधल्या घरगुती फोटोंवर ठिकाणाचे नाव लिहिलेले सहसा नसते. दुसरे कारण कायद्याचे. १९३७ च्या विमान नियमावलीतला १३ वा नियम सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करत होता. निरोपाचे फोटो लोक काढतच, पण कॅमेरा माणसांवर रोखलेला असे, धावपट्टीवर नव्हे. म्हणून अशा फोटोंत विमानतळ हा कायम कुणाच्या तरी खांद्यामागे, कोपऱ्यात, धूसर असतो.

त्यामुळे पडताळ्यासाठी बाहेरची साधने लागतात. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुले केले आहेत. एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणातल्या त्या नकाशांवर विमानतळांच्या खुणा आहेत. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या ‘करोना’ हेरगिरी उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. धावपट्टी उपनगरांच्या गर्दीत हरवण्याआधी कशी दिसत होती, हे पाहायला ती उपयोगी पडतात. सांताक्रूझला सुरुवातीला तीन धावपट्ट्या होत्या, आज दोनच वापरात आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. तेव्हा तीन पट्ट्या दिसणारा फोटो जुना. शिवाय मुख्य पट्टीखालून जाणारी मिठी नदी पाहावी. पट्टी वाढत गेली तशी नदी वळवली गेली. २००५ च्या पुरानंतर नदीच्या या वळणांची बरीच चर्चा झाली, ती ज्यांना आठवते त्यांना जुन्या हवाई फोटोतली नदी ओळखायला वेळ लागणार नाही.

हा नुसता खेळच आहे का?

कल्याणजवळच्या नेवाळीत तसे म्हणण्याची सोय नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी मलंगगडाच्या पायथ्याशी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन मात्र सरकारजमाच राहिली आणि पुढे तिच्यावर नौदलाचा ताबा आला. जमीन तात्पुरती घेतली होती, ती परत मिळायला हवी, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जागा संरक्षण खात्याची आहे, ही सरकारी बाजू. नौदलाने कुंपणाचे काम सुरू केल्यावर जून २०१७ मध्ये आंदोलन पेटले, रस्ता रोखला गेला, वाहने जळाली, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडचे लोक जखमी झाले.

अशा ठिकाणी जुना हवाई फोटो म्हणजे कागद असतो. धावपट्टी नेमकी कुठून कुठपर्यंत होती, तिच्याबाहेर कसलेली शेते होती की मोकळे रान, बांध कुठे होते, घरे कुठे होती, हे त्यात दिसू शकते. पण त्यासाठी आधी तो फोटो नेवाळीचाच आहे हे सिद्ध व्हावे लागते. युद्धकाळात देशभर अशा कित्येक पट्ट्या घाईघाईने बांधल्या गेल्या आणि वरून पाहिल्यावर त्यांतल्या बऱ्याच सारख्याच दिसतात. नेवाळीच्या बाबतीत मदतीला येतो तो मलंगगड. तो सुळका, त्याची कातळभिंत आणि बाजूची रांग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. फोटोत तो असेल, तर दुसऱ्या पुराव्याची गरज फारशी उरत नाही. तो नसेल, तर पट्टीचा कोन, ओढ्यांची वळणे आणि जुने गावरस्ते जुळवत बसावे लागते. हे काम किचकट आहे आणि त्यात ‘बहुधा’ला जागा नाही.

घरातल्या फोटोचे काय करावे?

फोटो अल्बममधून सोलून काढू नये, पाठीमागचा मजकूर फाटतो. काढता येत असेल तर दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. स्टुडिओचा शिक्का, कागदाची खूण, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, काहीही उपयोगी ठरते. मोबाइलने फोटोचा फोटो काढताना कडा कापू नयेत, कारण नेमकी खूण बहुतेक वेळा कडेलाच असते. आणि आजोबा जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत टिपून ठेवावे, पण फोटोच्या मागे शाईने लिहू नये. चुकीचे नाव एकदा लिहिले गेले, की पुढची पिढी ते पुसत नाही आणि व्हॉट्सअॅपवर तर ते अमर होते.

जुहू आज हेलिकॉप्टरांचा तळ आहे. पवन हंसची आणि मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणारी हेलिकॉप्टरे तिथून उडतात. त्याची दुसरी, आडवी पट्टी आता उड्डाणांसाठी वापरली जात नाही, पण तिचा आकार अजून ओळखू येतो. सांताक्रूझहून २७ वरून, म्हणजे समुद्राच्या दिशेने उडणाऱ्या विमानात उजव्या खिडकीची जागा मिळाली, तर चाके वर गेल्यावर काही सेकंदांतच खाली ती दिसते. एक लांब पट्टी, तिला छेदणारी दुसरी आखूड आणि लगेच पुढे वाळू.